यादी बाजूला ठेव, आधी उजवा हात ऐक

अनेक आशीर्वाद.

रॉक बँडची तू केलेली यादी वाचली. शंभराहून जास्त बँड आहेत, सालं आहेत, कोण कोणाच्या आधीचा तेही नीट लावलेलं आहेस. मेहनत दिसते. आता त्या प्रत्येक नावापुढे एक प्रश्न लिही: यांच्याआधी जे ऐकू येत नव्हतं असं यांनी काय ऐकवलं, आणि ते कशातून आलं? हातातून, यंत्रातून, की वाजवलं त्या जागेतून? ज्या नावापुढे उत्तर सुचत नाही ते तूर्त बाजूला ठेव. दहा-बारा नावं उरतील. तेवढी गिटार मांडीवर घेऊन ऐक, एकेकाला दोन-तीन आठवडे दे.

तुझ्या यादीची सुरुवात एल्व्हिसपासून आहे. ती सिस्टर रोझेटा थार्पपासून कर. १९१५ साली आर्कान्सामध्ये जन्मलेली ही बाई चर्चची भक्तिगीतं इलेक्ट्रिक गिटारवर गायची, तीही रॉक अँड रोल हे नाव रुळायच्या कितीतरी आधी. १९६४ मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनावर तिचा कार्यक्रम टीव्हीसाठी चित्रित झाला, तो बघायला मिळतो. पहिल्यांदा बघताना फक्त तिचा उजवा हात बघ. गाण्याची ओळ संपते तिथे गिटार उत्तर देते. पेटीवाला गायकाच्या जागा भरतो तसंच, पण इथे गाणारी आणि जागा भरणारी एकच आहे.

मग चक बेरी. इथे सगळ्यात जास्त वेळ दे. माझ्या मते रॉक शिकणाऱ्या दहातल्या नऊ जणांचा हात कच्चा राहतो तो इथेच घाई केल्यामुळे.

ऐकण्याआधी रेकॉर्ड कुठली आहे ते बघ. बेरीने १९५५ पासून शिकागोच्या ‘चेस’ कंपनीसाठी गाणी केली आणि १९६०च्या दशकात दुसऱ्या कंपनीसाठी तीच गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. शोधताना ही दुसरी आवृत्तीही समोर येते आणि तिच्यात ती धग नाही. चेसचीच घे. ‘जॉनी बी. गुड’ १९५८चं आहे.

ते बी फ्लॅटमध्ये आहे, आपल्या भाषेत काळी पाच. त्यामुळे मोकळ्या तारांचा आधार मिळत नाही. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड, तारेवर सहाव्या फ्रेटला (मानेवरच्या आडव्या पट्टीला) पहिलं बोट, पाचव्या तारेवर आठव्या फ्रेटला तिसरं बोट. दोन स्ट्रोक असे, पुढचे दोन करंगळी पाचव्या तारेवर दहाव्या फ्रेटला नेऊन. पुन्हा दोन, पुन्हा दोन. एका बारमध्ये, म्हणजे चार मात्रांत, आठ स्ट्रोक. हेच एक तार खाली सरकवलंस, म्हणजे पाचव्या आणि चौथ्या तारेवर सहाव्या फ्रेटपासून घेतलंस, की ई फ्लॅट. तिथून दोन फ्रेट पुढे एफ. बी फ्लॅट चार बार, ई फ्लॅट दोन, बी फ्लॅट दोन, एफ दोन, बी फ्लॅट दोन. बारा बार झाले, एक आवर्तन पूर्ण.

करंगळी पोचत नाही अशी तक्रार पहिल्या आठवड्यात सगळ्यांची असते. कारण बहुतेक वेळा अंगठ्यात असतं. तो गिटारच्या मानेच्या वरून डोकावत असेल तर तळवा गिटारला चिकटतो आणि बोटांची लांबी वाया जाते. अंगठा मानेच्या मागे, मधल्या बोटाच्या समोर आण. तरीही ताण आला तर तेच पाचव्या तारेवरच्या ए कॉर्डने कर: पाचवी तार मोकळी, चौथी दुसऱ्या फ्रेटला, मग चौथ्या फ्रेटला. आठवडाभराने पुन्हा बी फ्लॅटला ये. मनगट दुखायला लागलं की थांब. दुखऱ्या हाताने वाजवलेलं तसंच अंगवळणी पडतं.

आता खरी गोष्ट. त्या काळचे ड्रमर जॅझमधून आलेले, त्यांची लय झोल्याची होती: एका मात्रेचे तीन भाग, पहिले दोन जोडून एक लांब आणि तिसरा आखूड. बेरीचा हात मात्र एका मात्रेचे सरळ दोन समान भाग करतो. कितीतरी जुन्या रेकॉर्डींत हे दोन्ही एकाच वेळी चालू आहेत, एकाची तिगुण आणि दुसऱ्याची दुगुण एकमेकांवर घासत आहेत. पुढे ड्रमरही सरळ वाजवायला लागले आणि रॉक अँड रोलचं रॉक झालं. मेट्रोनोम मिनिटाला ८० ठोक्यांवर लाव, एका ठोक्याला दोन स्ट्रोक. आधी दोन्ही अगदी समान वाजव, मग तेच झोल्याने. दोन्हीतला फरक डोळे मिटून सांगता आला की ५-५ ने वाढव. मूळ गाणं १६० च्या पुढे आहे, तिथे पोचायला महिने लागले तरी चालतील.

गिटारच्या फाटलेल्या आवाजाबद्दल तू विचारलंस. त्याचा जन्म बिघाडातून झालेला आहे. १९५१ मध्ये मेम्फिसमध्ये ‘रॉकेट ८८’ रेकॉर्ड झालं तेव्हा अ‍ॅम्पच्या स्पीकरला इजा झाली होती, आत कागद कोंबून काम भागवलं आणि घरघरणारा आवाज तसाच ठेवला. १९५८ मध्ये लिंक रे या गिटारवाल्याने स्पीकरच्या कागदाला मुद्दाम भोकं पाडली. १९६४ मध्ये किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने छोट्या अ‍ॅम्पचा स्पीकर ब्लेडने चिरला आणि तो आवाज मोठ्या अ‍ॅम्पमधून सोडला. तू तुझा स्पीकर चिरू नकोस, आता तेच काम पेडल करतं. पण आत काय घडतं ते समजून घे. ध्वनिलहरीचं शिखर अ‍ॅम्पला पेलवत नाही, ते सपाट कापलं जातं आणि त्यातून मुळात नसलेले वरचे स्वर तयार होतात. दोन-तीन सूर एकत्र असतील तर त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचेही सूर निघतात. सा आणि प एकत्र असले तर हे नवे सूर त्यांच्याच घरातले पडतात, कॉर्ड भरदार होते. त्यात गंधार घातलास की परके सूर शिरतात आणि गढूळ होतं. पॉवर कॉर्डमध्ये, म्हणजे नुसत्या सा-पच्या कॉर्डमध्ये, गंधार का नसतो, याचं उत्तर एवढंच. गेनचं, म्हणजे आवाज किती फाटावा ते ठरवणारं, बटण दहापैकी चार-पाचवर ठेव. घरी एकटीने वाजवताना आठवर छान वाटतं, पण ड्रम आणि बास आले की तुझी गिटार त्यात विरघळून जाते.

जिमी हेंड्रिक्सचा अभ्यास करताना एकच कॉर्ड घे. पाचवी तार सातव्या फ्रेटला, चौथी सहाव्या, तिसरी सातव्या, दुसरी आठव्या. ई हा सा धर. चौथ्या तारेवर शुद्ध गंधार आहे आणि दुसऱ्या तारेवर कोमल गंधार, दोन्ही एकाच फटक्यात. जोगमध्येही दोन्ही गंधार लागतात, पण ते एकापाठोपाठ. इथे ते एकमेकांवर ठेवलेले आहेत. नुकतंच सांगितलेल्या गंधाराच्या नियमाला ही कॉर्ड अपवाद आहे आणि म्हणूनच ती बोचते. ती बोच ऐकू यावी म्हणून गेन आणखी उतरव.

रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने १९६०च्या दशकाच्या अखेरीस वेगळीच वाट धरली. सहावी तार काढून टाकली, पाचवी ए वरून जी ला उतरवली, पहिली ई वरून डी ला. मोकळ्या तारा छेडल्या की आपोआप जी कॉर्ड. पाचव्या फ्रेटला पहिलं बोट आडवं टाक, मग दुसरी तार सहाव्या आणि चौथी सातव्या फ्रेटला दाब आणि सोड. या दाब-सोडीवर त्यांची अर्धी गाणी उभी आहेत. सैल केलेल्या तारा जोरात मारल्यास तर सूर वर चढतो, तेव्हा फटका हलका ठेव.

यादीत ब्लॅक सॅबथ खूप खाली आहे, वर आण. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी डावखुरा. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली, म्हणजे नेमकी तारा दाबणारी. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, वर चामडं लावलं, बारीक तारा लावल्या, आणि १९७१च्या अल्बमवरच्या काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्ध्या सुरांनी खाली उतरवली. पांढरी तीनवरून काळी एक. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून तीन अर्धे सूर उतरले की ताण जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. दुखऱ्या बोटांना हे सोसणारं होतं, आणि त्यातून आलेला जड आवाज पुढच्या सगळ्या मेटलचा पाया ठरला.

तू हे करून बघशील तेव्हा बारीक तारा लावू नकोस, तुझी बोटं शाबूत आहेत. ०.००९चा सेट (सगळ्यात बारीक तारेची इंचातली जाडी) काळी एकला लोंबतो, प्रत्येक फटक्याला सूर डळमळतो. ०.०११चा घे. जाड तारांनी तीन गोष्टी बिघडतात. नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या पट्टीच्या, खाचांत तार अडकते आणि ट्यूनिंग करताना ‘टिक’ असा आवाज येतो, तिथे पेन्सिलीचं शिसं घास. मानेचा बाक बदलतो, तो ट्रस रॉडने (मानेतल्या सळईने) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त हलवू नकोस आणि मध्ये काही तास जाऊ दे. शेवटी बाराव्या फ्रेटचा सूर तिथेच तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेल्या हार्मोनिकशी जुळतो का ते बघ. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (तार जिथे खाली टेकते तो तुकडा) मागे घे, उतरा असेल तर पुढे.

ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७०चा. त्यातल्या पहिल्या गाण्याची रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, तीन सुरांची आहे: सा, वरचा सा, आणि मधला तीव्र म. आधी गळ्यातून म्हण. तीव्र मध्यमावर थांबून राहिलं की पंचमाकडे जावंसं वाटतं, आणि ते जात नाहीत. सगळी भीती त्या न जाण्यात आहे.

जागेचा धडा लेड झेपेलिनकडे आहे. १९७१च्या अल्बमवरच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’साठी जॉन बॉनमचे ड्रम हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्याखालच्या दालनात मांडले आणि दोन माइक वर जिन्यात लावले. ड्रमच्या तोंडाशी माइक नाहीत, ऐकू येतो तो जिन्याच्या भिंतींवरून फिरलेला आवाज. मूळ गाणं १९२९चं आहे, मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांचं, मिसिसिपीच्या १९२७च्या पुराबद्दल. दोन्ही लागोपाठ ऐक. ब्लूजवाल्यांकडून या बँडने बरंच घेतलं आणि काही ठिकाणी श्रेय नंतर द्यावं लागलं. विली डिक्सन या ब्लूज रचनाकाराने १९८५ मध्ये दावा लावला, तो १९८७ मध्ये मिटला. म्हणून यादीत गाण्यापुढे वाजवणाऱ्याबरोबर रचणाऱ्याचंही नाव लिही.

प्रयोग तुझ्या इमारतीतच होईल. दुपारी जिन्यात तळाशी ढोलकी किंवा कहोन (वर बसून वाजवायचा लाकडी खोका) ठेव, एक फोन तिच्यापासून हातभर, दुसरा एक मजला वर. दोन्हीकडे एकदम रेकॉर्डिंग चालू कर आणि सुरुवातीला एक टाळी वाजव, म्हणजे नंतर जुळवता येईल. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून तीन मीटर वरच्या फोनवर थाप ९ मिलिसेकंद उशिरा पोचते. जवळची रेकॉर्डिंग कोरडी वाटेल, वरची मोठी. काही फोन आवाज मोठा झाला की आपोआप दाबतात आणि थापेनंतर सगळं फुगल्यासारखं ऐकू येतं. रेकॉर्डिंग अ‍ॅपमध्ये ती सोय बंद करता येत असेल तर कर.

रमोन्सचा १९७६चा पहिला अल्बम एका बैठकीत संपतो, १४ गाणी आणि अर्ध्या तासाच्या आत. जॉनी रमोनचे सगळे स्ट्रोक वरून खाली. एक गाणं तसं वाजवून बघ, बेरीच्या सरावाने कमावलेलं मनगट तिथे कामी येतं.

आपल्या बाजूचे दोन धागेही यादीत घाल. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांबरोबर रेकॉर्डिंग केलं. ‘द इनर लाइट’चं सगळं वादन तिथलं आहे, गाणं नंतर लंडनला गायलं गेलं. आणि फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे झांझिबारला जन्मलेला पारशी फारोख बल्सारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तिथल्या हेक्टिक्स या शाळकरी बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. त्याचा बँड क्वीन ऐकताना त्याचा डावा हात ऐक, पियानोतला बास किती वेळा गिटारच्या आधी दिशा बदलतो ते मोज.

पुढच्या पत्राबरोबर बी फ्लॅटची बारा बारची चार आवर्तनं पाठव, दोन सरळ आणि दोन झोल्याची. वेग ८०, मेट्रोनोम ऐकू येईल असा, गेन अगदी कमी. एका दमात रेकॉर्ड कर आणि चुकलेलं कापू नकोस, कारण करंगळी कुठे मागे पडते ते मला तिथेच कळेल.