हायवेला हॉटेल टाकतोयस? आधी फरशी बघ

साताऱ्याजवळ हायवेला हॉटेल टाकतोयस, तर बोर्ड आणि लायटिंगचं नंतर बघू. आधी फरशी. शोरूममधल्या ग्लॉसी टाइलला भुलू नकोस. नमुन्याचा तुकडा मागून घे, त्यावर पाणी आणि चमचाभर तेल ओत, चप्पल घालून उभा राहा. पाय सरकला की विषय संपला. पावसाळ्यात गिऱ्हाईक ओल्या पायांनीच आत येणार, म्हणून मॅट, म्हणजे बिनचमकीची, व्हिट्रिफाइड (घट्ट भाजलेली) टाइल घे, ती ०.५ टक्क्याहूनही कमी पाणी पिते. किचनला पॉलिश न केलेला कोटा किंवा शहाबादी चालेल, पण दोन्ही चुनखडीचे दगड, ॲसिडने धुवायचे नाहीत. पोरांना हे बजावून ठेव, ऐकत नाहीत. फरशीचे सांधे इपॉक्सीनेच भर, म्हणजे सिमेंटऐवजी रेझिनच्या लांबीने.

बेसिनखाली आयएस ७१० चा शिक्का असलेला प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय. आयएस ३०३ चा, म्हणजे साधा प्लाय, कोरड्या जागी.

सिंक ३०४ ग्रेडच्या, सहसा न गंजणाऱ्या स्टीलचं घे. दुकानदार लोहचुंबक लावून ‘चिकटत नाही बघा’ म्हणेल. अरे, २०२ ग्रेडच्या स्वस्त, लवकर गंजणाऱ्या स्टीललाही सहसा चिकटत नाही! बिलावर ग्रेड लिहून घे.

नळ कुठलेही घे, फक्त त्यांचे स्पिंडल (नळ उघड-बंद करणारा आतला भाग) साताऱ्यातच मिळतात का, ते आधी विचार.