फिरंगी म्हणजे कोण? इंग्रज तर नव्हेतच

प्रश्न असा आला आहे: ‘मुलीने निबंधात “फिरंगी इंग्रजांनी आपल्यावर दीडशे वर्षे राज्य केले” असे लिहिले. बाईंनी “फिरंगी” खोडून “गोरे” केले आणि समासात शेरा दिला, निबंधात शिव्या नकोत. फिरंगी ही शिवी आहे का?’

बाईंनी शब्द खोडला ते बरोबर केले, पण कारण साफ चुकीचे दिले. फिरंगी ही मराठीत शिवी नव्हती. तो शब्द खोडायचा तो एवढ्यासाठी, की इंग्रज फिरंगी नव्हेत.

हे मी किती वेळा सांगितले असेल! ऐतिहासिक मालिकांमध्ये राजापूरच्या वखारीतला इंग्रज दारात दिसला रे दिसला की पहारेकरी ओरडतो, ‘फिरंगी आला!’ सतराव्या शतकातला मराठी पहारेकरी असे म्हणणार नाही. त्याच्या लेखी फिरंगी म्हणजे पोर्तुगीज. गोव्याचा, चौलचा, वसईचा. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या मुलखाला आपले लोक ‘फिरंगाण’ म्हणत. मुंबईच्या इंग्रजाला इंग्रजच म्हणत. सगळ्यांना मिळून एकच नाव हवे असेल तर ‘टोपीकर’ हा सुरेख शब्द होता. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र, म्हणजे मराठी राज्यकारभारावरचा तो जुना ग्रंथ, उघडून बघा. साहुकारांच्या प्रकरणात फिरंगी, इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच), डिंगमार (डेन्मार्कचे) अशी नावे ओळीने येतात आणि मग त्या सगळ्यांना टोपीकर म्हटले आहे. फिरंगी हे त्या पाचांतले एक नाव आहे, पाचांचे एकत्र नाव नव्हे. यापुढे आणखी कसला पुरावा हवा?

आज्ञापत्र हे लोक ओळखूनच बोलते. हे वरकड सावकारांसारखे नाहीत, यांचे राजे मागे उभे आहेत, हट्टी जात आहे, हाती आलेली जागा मेल्याशिवाय सोडत नाहीत. म्हणून वखारीला जागा समुद्रकाठी देऊ नये, चार कोस आत आणि सखल ठिकाणी द्यावी, पक्के बांधकाम करू देऊ नये. ज्यांनी इतक्या बारकाईने पाहिले त्यांच्या तोंडी सरसकट ‘फिरंगी’ घालणे म्हणजे त्यांचे डोळेच काढून घेणे आहे.

आता ‘फिरंगी’ची व्युत्पत्ती. ‘ज्यांचा रंग फिरलेला ते फिरंगी’ हे जे फिरत असते ते विसरा. फ्रँक नावाची जर्मानिक टोळी, तिच्यावरून अरबांनी पश्चिम युरोपातल्या सगळ्यांनाच ‘इफ्रंज’ म्हटले, फारसीत ‘फरंग’, तिथून दख्खनीत. यात वादाचे काही नाही. गंमत पुढे आहे, आणि ती ‘इंग्रज’ या शब्दात आहे.

इंग्रज हे नाव इंग्रजांनी आपल्याला दिलेले नाही. ते स्वतःला इंग्लिश म्हणत. पोर्तुगीज त्यांना म्हणत ‘इंग्लेस’. डचांना म्हणत ‘ओलांदेस’, लिहिताना आधी ह, पण तो उच्चारात नाही. डेन्मार्क म्हणजे ‘दिनामार्का’. आता आपली जुनी रूपे शेजारी ठेवा: इंगरेज, वलंदेज, डिंगमार. वलंदेजात ह नाही, कारण पोर्तुगीजांच्या तोंडी तो नव्हताच. इंगरेज आणि वलंदेज दोघांच्या शेवटी तोच ‘एज’. लचा र होणेही पोर्तुगीजांच्या भाषेत जुनेच आहे, लॅटिन ‘ओब्लिगातुस’चे त्यांनी ‘ओब्रिगादो’ केले. फरासीस फारसीतून आला असे कुणी म्हटले तर मी भांडणार नाही. पण बाकीचे तिघे पोर्तुगीजांच्या जिभेवरून उतरलेत, यात मला तिळमात्र शंका नाही.

आणि असेच व्हायला हवे होते. पोर्तुगीज कालिकतला आले १४९८ साली, गोवा घेतला १५१० साली. इंग्रजांची कंपनी निघाली १६००मध्ये, डचांची १६०२मध्ये. मधली शंभर वर्षे आपल्या किनाऱ्याला टोपीवाला म्हणजे पोर्तुगीज, दुसरा माहीतच नव्हता. म्हणून अख्ख्या युरोपाचे नाव त्याला एकट्याला चिकटले. मागून दुसरे आले तेव्हा हे कोण, हे त्यालाच विचारावे लागले, आणि त्याने आपल्या वैऱ्यांची नावे आपल्या भाषेत सांगितली. वेंगुर्ल्याला डच वखारीच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. तिथे जाल तेव्हा ‘वलंदेज’ हा शब्द एकदा मोठ्याने म्हणून बघा.

राहिला शिवीचा मुद्दा. हॉब्सन-जॉब्सन या १८८६च्या कोशात यूल आणि बर्नेल लिहितात की एतद्देशीय लोक फिरंगी शब्द सर्वसाधारण युरोपियनांना लावतात तेव्हा त्यात वैर किंवा तुच्छता असते. १८५७ नंतरच्या हिंदुस्थानीपुरते ते खरे असेल. तमिळ मुलखातही त्या शब्दाला वास येत होता. रॉबेर्तो दे नोबिली हा जेझुइट पाद्री १६०६मध्ये मदुराईला आला, भगवी वस्त्रे नेसला, मांस सोडले आणि ‘मी परंगी (म्हणजे फिरंगी) नव्हे’ असे सांगत राहिला. पण त्याच तमिळमध्ये भोपळा ‘परंगिक्काय’ आहे आणि मल्याळमात काजूचे झाड ‘परंगिमावु’. परका पाहुणा जे घेऊन आला त्याला त्याचे नाव, इतके ते साधे. संस्कृतात भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथाने उपदंशाला फिरंगरोग म्हटले ते कौतुकाने नव्हे, कबूल. पण एका प्रांताचा तिरस्कार उचलून सगळ्या देशाच्या माथी मारायचा हा कोशकारांचा अधिकार मला मान्य नाही. मराठी कागदांत फिरंगी लढतो, तह करतो, दारूगोळा विकतो. तो शेजारी आहे, कधी वैरी आहे, पण शब्द शिवी नाही.

याला माझ्याकडे एक पुरावा आहे, तो कोशकारांना सुचलेला नाही. फिरंगोजी नरसाळा! १६६० साली चाकणचा किल्ला शाहिस्ताखानाच्या फौजेपुढे जवळजवळ दोन महिने झुंजवला तो किल्लेदार. फिरंगी शिवी असती तर आईबापांनी पोराचे नाव फिरंगोजी ठेवले असते का?

नाव आले कुठून? माझे मत असे. दौंडजवळ कुरकुंभला फिरंगाई देवी आहे. खंडोबाच्या नावाने खंडोजी, जोतिबाच्या नावाने जोत्याजी, शिवाईच्या नावाने शिवाजी असे आपण म्हणतोच. तसा फिरंगाईच्या नावाने फिरंगोजी. आणि फिरंगाई? तिचे नाव ‘फिरणे’शी जोडणारे भेटतात, पण मग मधला ‘अंग’ कुठला, याचे उत्तर कुणी देत नाही. मी ते ‘फिरंग’शी जोडतो. फिरंग म्हणजे तलवार: सरळ, लांब, विलायती पात्याची. एका संग्रहालयात काचेला नाक लावून मी ती अर्धा तास बघितली आहे. पात्यावर झिजलेली रोमन अक्षरे, आणि मूठ पूर्ण आपली. मुठीपासून दोन्ही अंगांनी लोखंडी पट्ट्या पात्यावर उतरवलेल्या, खिळ्यांनी पक्क्या ठोकलेल्या, म्हणजे परमुलखाचे पाते हातातल्या मुठीतून निसटायला नको. खांडा या शस्त्रावरून खंडोबा हे नाव आले असे पुष्कळ जण मानतात. मग फिरंगेवरून फिरंगाई का नाही? शस्त्र हाती धरणारी देवी, आणि त्या काळी मराठ्याला जे सर्वांत चांगले पाते मिळत होते त्याचेच तिला नाव. बंगालातही अँटनी फिरंगी नावाचा पोर्तुगीज वंशाचा कवी होऊन गेला, देवीची गाणी रचणारा. तिथेही लोकांनी ते नाव प्रेमानेच घेतले.

मुलीला सांगा, वाक्यातून ‘फिरंगी’ही काढ आणि बाईंचे ‘गोरे’ही काढ, नुसते ‘इंग्रजांनी’ पुरे. आणि कुरकुंभच्या आसपास कुणाच्या घरी फिरंगाईच्या नावाची जुनी सनद किंवा इनामाचा कागद असेल तर मला जरूर कळवा. देवीचे नाव त्यात कसे लिहिले आहे, ‘फिरंगाई’ की आणखी काही, ते मला बघायचे आहे.