बायोप्सी वाचताना आधी पेशींखालची रेघ बघ

गर्भाशयमुखाची बायोप्सी बघताना नुसत्या केंद्रकांवर नजर खिळवू नकोस, आधी आधारपटल, म्हणजे पेशींच्या थराखालचा पातळ पडदा, शोध. एचपीव्ही या विषाणूच्या १६-१८ प्रकारांचं ई६ प्रथिन पी५३ संपवतं, ई७ आरबीला निकामी करतं; पी५३ आणि आरबी ही पेशींच्या वाढीला लगाम घालणारी प्रथिनं. पेशी बेसुमार वाढतात, पण पटल शाबूत आहे तोवर तो कर्करोगपूर्व बदलच. पुढे एमएमपी-२ आणि ९ ही प्रथिनं तोडणारी विकरं पटलातलं कोलॅजन-४ हे प्रथिन कुरतडतात, आणि पेशी खाली घुसतात. घुसलेल्या पेशींभोवतीची ऊती मग सैलसर, फिकट दिसते, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची गर्दी होते, आणि त्या पेशी उलट जास्तच गुलाबी होतात. ही खूण सोडू नकोस.

फसवतो तो तिरपा छेद, म्हणजे तुकड्याचा तिरका गेलेला पातळ काप. ग्रंथीत उतरलेला कर्करोगपूर्व बदल सुट्या बेटासारखा दिसतो, घुसखोरीच वाटते. कडा गुळगुळीत असेल तर घाई नको, आणखी खोल छेद मागव. इथे पी१६ या प्रथिनाच्या रंगचाचणीचा उपयोग नाही, ते कर्करोगपूर्व बदल आणि घुसखोरी दोन्हींत पॉझिटिव्ह येतं.

छेद चांगला यायला तुकड्याची तयारीही नीट हवी. टिकवायला फॉर्मॅलिन १०%, तुकड्याच्या १० पट, निदान ६ तास. छेद ४ मायक्रॉनचे. रत्नागिरी-मालवणकडच्या पावसाळ्यात तुकड्यातलं पाणी काढणारं अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोल हवेतलं पाणी ओढतं. त्यानंतरचं द्रावण, झायलीन, दुधाळ झालं की समज, तुकड्यात पाणी राहिलंय. अल्कोहोल, झायलीन दोन्ही बदल. अशा ब्लॉकचे, म्हणजे मेणात बसवलेल्या तुकड्याचे, छेद फाटतात, आणि फाटलेल्या कडेवर पटलाचा निर्णय देताच येत नाही.