‘कॉलेजला गेलो की कळेलच’

“मॅडम, एकदा कॉलेजला गेलो ना, की कळेलच काय करायचं ते.”

मी करिअर समुपदेशक आहे. हे वाक्य १८ वर्षांच्या मुलांकडून मी फारसं ऐकत नाही. त्यांच्या वतीनं आईवडिलांनी काहीतरी ठरवून ठेवलेलं असतं. ऐकते ते तिशी-पस्तिशीतल्या माणसांकडून. नोकरी आहे, हप्ता आहे, मूल शाळेत आहे, आणि रविवारी संध्याकाळी पोटात गोळा येतो. मग वाटतं, पुन्हा शिकावं. काय शिकावं? ते तिथं गेल्यावर बघू.

महेश (नाव आणि काही तपशील बदललेत, त्याच्या परवानगीनं लिहितेय) आला तेव्हा ३४ वर्षांचा होता. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर चाकणच्या एका व्हेंडर कंपनीत ट्रेनी म्हणून लागला आणि तिथंच राहिला. क्वालिटीला, १३ वर्षं. मोशीला वन बीएचके, मुलगा दुसरीत, बायको पतसंस्थेत. राजीनाम्याचा मजकूर मोबाईलमध्ये टाइप करून ठेवला होता, तोच त्यानं मला आधी दाखवला. इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमाचे गुण धरतात, सीईटी लागत नाही, ही सगळी माहिती त्यानं काढून आणली होती. तीन वर्षं पूर्ण वेळ कॉलेज करायचं.

“आणि बीई झाल्यावर?”

“तेच तर तिथं कळेल ना.”

एवढ्यातच का सुचलं, हे विचारल्यावर बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग निघालं. चार वर्षांपूर्वी एक बीई झालेला मुलगा ट्रेनी म्हणून आला होता. त्याला व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, कसं धरायचं हे महेशनंच शिकवलं होतं. यंदा तो महेशचा साहेब झाला.

दुसऱ्या भेटीला मी बायकोलाही बोलावलं. ती भांडायच्या तयारीनं आली असेल असं मला वाटलं होतं. तिनं पर्समधून कागद काढला, पतसंस्थेतली सवय. हातात पगार ३८,०००. ३६ महिन्यांचे १३ लाख ६८ हजार बुडणार, फी वेगळी. शिल्लक चार लाख. घराचा हप्ता १९,०००, म्हणजे शिल्लक नुसत्या हप्त्यालाच २१ महिने पुरेल, घरात कुणी जेवलं नाही तर.

“मी चालवीन कसंतरी,” ती म्हणाली. “माझ्या आईनं चार पोरं शिकवली शिवणावर. पण तीन वर्षांनी काय करायचंय, ते ह्यांना सांगू दे. एवढंच.”

यावर महेश गप्प. मग हळूच म्हणाला की दुसराही एक मार्ग आहे. शहरातल्या एका एजंटानं सांगितलं होतं, एका वर्षात बीई, परराज्यातलं विद्यापीठ, परीक्षेला एकदाच जायचं, १,४०,००० रुपये. टोकन द्यायचं बाकी होतं. समुपदेशकानं मध्येच बोलू नये, असं आम्हाला शिकवतात. मी बोलले. इंजिनिअरिंगची पदवी दूरस्थ पद्धतीनं चालत नाही. अभिमत विद्यापीठांनी परवानगीशिवाय पत्राचाराने दिलेल्या अशा पदव्यांवर नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि नोकरीत वर चढलेली माणसं अडचणीत आली. बीए, बीकॉमचं तसं नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची किंवा इग्नूची पदवी घेऊन पुढं गेलेली माणसं मी स्वतः पाहिली आहेत. पण कोणत्या विद्यापीठाला कोणता विषय मुक्त पद्धतीनं शिकवायची मान्यता आहे, हे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर बघायचं, एजंटाच्या ऑफिसातल्या फ्रेमवर नाही. हे बदलतंही. २०२५ मध्ये मानसशास्त्र मुक्त आणि ऑनलाइन पद्धतीनं शिकवणं यूजीसीनं थांबवलं, तेव्हा माझ्याकडं येणाऱ्या तिघींचे बेत एका आठवड्यात कोलमडले. (माझ्याकडं करिअर विचारायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना चौथ्या भेटीपर्यंत समुपदेशकच व्हायचं असतं. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

टोकन वाचलं. पण मूळ प्रश्न तिथंच होता.

“ती टेस्ट घ्या ना मॅडम,” असं सगळेच म्हणतात. घेतली. हॉलंड या मानसशास्त्रज्ञानं सांगितलेल्या कामाच्या आवडीच्या सहा प्रकारांपैकी हातानं करायचं काम आणि शोधाशोध, असे दोन वर आले. तो अहवालाकडं बघून म्हणाला, “हे मला माहीतच होतं.” बरोबर आहे. दहावीच्या मुलाला कल चाचणीचा उपयोग होतो, कारण त्यानं अजून काही केलेलं नसतं. १३ वर्षं काम केलेल्या माणसाची चाचणी त्या कामातच झालेली असते, फक्त तिचा निकाल कुणी लावलेला नसतो.

मला तेव्हा असं दिसत होतं की महेशला कॉलेज नको होतं, विद्यार्थीपण हवं होतं. ‘सध्या काय करतोस?’ याला ‘बीई करतोय’ हे बिनतोड उत्तर आहे, पुढं कुणी विचारत नाही. वेळापत्रक दुसऱ्यानं लावलेलं, पास-नापास दुसऱ्यानं ठरवलेलं. दिशा सापडेपर्यंत बसायला अशी जागा अठराव्या वर्षी मिळते, आणि ती तेव्हा स्वस्तही असते. चौतिसाव्या वर्षी तिचं भाडं किती, ते त्या कागदावर लिहिलेलंच होतं.

म्हणून मी दोन कामं दिली. एक, महिनाभर रोज रात्री वहीत दोनच ओळी: आज कोणत्या कामात घड्याळ बघितलं नाही, आणि कोणत्या कामात सारखं बघितलं. दोन, एबीसीत जायचं, म्हणजे पुण्यात आपल्या अप्पा बळवंत चौकात, आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची वापरलेली पुस्तकं घ्यायची. कामावरून आल्यावर रोज एक तास बसून बघायचं. राजीनामा तोवर मोबाईलमध्येच राहू दे. खिशातले चारपाचशे रुपये आणि एक महिना, यापेक्षा स्वस्त कॉलेज मला माहीत नाही.

महिन्यानं आला तो वही आणि एक जाडजूड पुस्तक घेऊन. एम-थ्री, म्हणजे तिसरं गणित, लाप्लास नावाच्या प्रकरणापाशी अकराव्या पानावर अडकलं होतं. थर्मो बरं चाललं होतं. पण दुकानदारानं गठ्ठ्यात तिसऱ्या वर्षाचं मेट्रॉलॉजीचं, म्हणजे मोजमापाच्या शास्त्राचं पुस्तक चुकून घातलं होतं, आणि ते त्यानं रात्री दीड वाजेपर्यंत जागून वाचलं होतं. “कादंबरीसारखं,” म्हणाला, मग स्वतःच लाजला.

वही उघडली. घड्याळ बघितलं: मीटिंग, ग्राहकाच्या तक्रारीचे मेल, प्रॉडक्शनवाल्यांशी रिजेक्शनवरून वाद. हे रोजचंच. घड्याळ बघितलं नाही, असे महिन्याभरात सहाच दिवस होते. सहाही दिवस तो स्टँडर्ड रूममध्ये होता. तिथला माणूस रजेवर गेला की याला पाठवत.

स्टँडर्ड रूम म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. त्यानं सांगितलं. कंपनीतली मोजायची साधनं जिथं तपासतात ती खोली. पार्टची मापं घेणारं सीएमएम मशीन, नेमक्या मापाचे गेज ब्लॉक, आणि तापमान कायम २० अंश. लांबीच्या मोजमापासाठी जगभर हेच तापमान प्रमाण धरतात. १०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा एका अंशाला एका मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, थोडा जास्त वाढतो. “म्हणजे मॅडम, उन्हात मोजलेलं आणि इथं मोजलेलं वेगळं येणार. पार्ट चांगला असून फेकला जाईल, किंवा वाईट असून गाडीत बसेल.” बोलता बोलता आमची वेळ संपून वीस मिनिटं झाली. एवढ्या भेटींत पहिल्यांदाच त्यानं मोबाईल उलटा ठेवला होता.

“१३ वर्षांत कधी मागितलंत का, मला तिथंच टाका म्हणून?”

“नाही.”

“का?”

“सगळे म्हणतात, ती साइड पोस्टिंग आहे.”

इथं मी चुकले. मला वाटलं, सुटलं गणित. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मोजायची साधनं तपासायच्या प्रयोगशाळा आहेत, मुंबईला चुनाभट्टीच्या आयडेमी या संस्थेत या विषयाचे लहान अभ्यासक्रम चालतात, डिप्लोमा आणि अनुभव गाठीशी आहेच. “मग आता बीई कशाला?” असं मी जरा खुशीतच म्हणाले. तो ‘हो’ म्हणाला, आणि पुढच्या दोन भेटींना आला नाही.

आला तेव्हा नोकरीच्या जाहिरातींची कात्रणं मोबाईलमध्ये होती. तंत्रज्ञाला डिप्लोमा चालतो, पण प्रयोगशाळेची जबाबदारी घ्यायची तर त्यातल्या बहुतेकांनी पदवी मागितली होती. “आणि दुसरं म्हणजे,” तो म्हणाला, “वडील गावात सांगतात, पोरगा इंजिनिअर आहे. १३ वर्षं मी तिथं मान खाली घालून उभा राहतो. तुम्हाला हे फालतू वाटेल.”

खरं सांगायचं तर वाटलं होतं. पदवीची ओढ म्हणजे साहेब झालेल्या पोराचा राग, असं मी मनात लिहून टाकलं होतं. ती तेवढीच नव्हती. काय करायचं ते कळल्यावरही त्याला ती हवी होती, फक्त आता ती कशासाठी हे तो दोन वाक्यांत सांगू शकत होता. बायकोनं मागितलेलं उत्तर हेच होतं, आणि ते कॉलेजात जायच्या आधी मिळालं होतं.

मग कॉलेजची निवडही बदलली. तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या एआयसीटीईनं २०२३ पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत पदवीचे वर्ग चालवायला परवानगी दिली आहे. प्रत्येक कॉलेजात ते नसतात, आणि कॉलेज ‘आहे’ म्हणालं तरी एआयसीटीईच्या मान्यतेच्या यादीत बघावं लागतं. महेशला पिंपरीच्या बाजूला जागा मिळाली. संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी वर्ग. त्यासाठी शिफ्ट कायम जनरल करून घ्यायला हवी होती, आणि सही त्याच साहेबाची, ज्याला त्यानं व्हर्निअर शिकवला होता. या एका भेटीची तयारी आम्ही दोन बैठका केली. काय बोलायचं, कुठं थांबायचं, ‘तू’ म्हणायचं की ‘सर’. प्रत्यक्षात साहेबानं पाच मिनिटांत सही केली आणि म्हणाला, “स्टँडर्ड रूमलाही तुम्हीच बसा, तिथं कुणी टिकत नाही.”

राजीनाम्याचा मजकूर अजून मोबाईलमध्ये आहे, असं तो सांगतो. काढून टाक असं मी म्हटलेलं नाही.

पहिल्या सत्राचा निकाल लागल्यावर त्याचा फोन आला. बाकी सगळे विषय निघाले, एम-थ्री राहिला. वर्गातली पोरं याला ‘काका’ म्हणतात, त्यातल्याच एकानं लाप्लास शिकवायचं कबूल केलंय. मी काही धीराचं बोलणार, तेवढ्यात त्यानं विषय बदलला. स्टँडर्ड रूमचा एसी दोन दिवस बंद होता, आत २६ अंश झाले होते, आणि त्यानं दोन दिवस एकाही पार्टवर पासचा शिक्का मारला नाही. प्रॉडक्शनवाले ओरडले, साहेबही ओरडला. तिसऱ्या दिवशी एसीवाला आला.

“आणि केटीचा, राहिलेल्या विषयाचा फॉर्म?”

“भरला. बायकोनंच भरला, पतसंस्थेतून.”