वाचक विचारतात : गरुड नेमका कोणता?

प्रश्न : ब्राह्मणी घारीलाच काही जण गरुड म्हणतात. मग सर्पगरुड कोण? आणि गरुडखांब, गारुडी या शब्दांशी त्याचा संबंध काय?

उत्तर : पुराणातला गरुड, म्हणजे कश्यप आणि विनतेचा मुलगा, कोणत्याही एका जातीचा पक्षी नाही. मूर्तीतही त्याचं धड माणसाचं आणि पंख पक्ष्याचे असतात. प्रत्यक्षातल्या पक्ष्यांना हे नाव लोकांनी नंतर दिलं, तेही प्रदेशाप्रदेशात वेगळं. ब्राह्मणी घारीचं डोकं आणि छाती पांढरी, बाकी अंग विटकरी. तिचं पिल्लू मात्र तपकिरी असल्यामुळे साध्या घारीशी गल्लत होते. तेव्हा शेपूट बघा. साध्या घारीची शेपटी टोकाला दुभंगलेली, ब्राह्मणीची गोलसर. सर्पगरुडाच्या डोळ्यांभोवती पिवळी कातडी असते आणि उडताना शेपटीवर रुंद पांढरा पट्टा दिसतो. तो खरोखरच साप खातो, त्यामुळे नाव त्यालाच अधिक शोभतं. बिहारमध्ये भागलपूरकडे तर गरुड म्हणजे हरगीला, हा चक्क करकोचा!

बाकीचे शब्द दोन मुळांतून फुटले आहेत. पहिलं, सापांशी वैर. विष उतरवण्याची ती गारुडविद्या आणि ती जाणणारा गारुडी. साप खेळवणारा हा अर्थ पुढे रूढ झाला. पाचूला संस्कृतात ‘गारुत्मत’ म्हणतात तेही याचमुळे. गरुडपुराणातल्या रत्नपरीक्षेत पाचूचा उगम गरुड आणि वासुकीच्या झटापटीशी जोडला आहे, आणि पाचू विषावर उतारा मानला गेला. (हे पुराण मरणानंतरच वाचायचं, असं समजणाऱ्यांनी त्याचा पूर्वखंड जरूर उघडावा. त्यात रत्नं आहेत, वैद्यकही आहे.)

दुसरं मूळ म्हणजे विष्णूचं वाहन. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातला गरुडखांब याच नात्याने आला. ही प्रथा फार जुनी आहे. विदिशेजवळ बेसनगरला ग्रीक राजदूत हेलिओडोरसने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात उभारलेल्या खांबावरच्या ब्राह्मी लेखात त्याला ‘गरुडध्वज’च म्हटलं आहे.

प्रश्न : शाळेच्या प्रकल्पासाठी इंडोनेशियाचं गरुडचिन्ह काढायचं आहे. पिसांची संख्या महत्त्वाची असते का?

उत्तर : हो, कारण त्या पिसांत 17 ऑगस्ट 1945 ही स्वातंत्र्यघोषणेची तारीख आहे. प्रत्येक पंखाला 17 पिसं, शेपटीला 8, ढालीखाली शेपटीच्या बुडाशी 19 आणि मानेवर 45. चुकतात ती बहुधा ती 19, कारण ढाल मोठी काढली की त्यांना जागाच उरत नाही. म्हणून आधी मान आणि बूड आखून घ्या, ढाल मग बसवा. पायांत धरलेल्या पट्टीवर ‘भिन्नेका तुंगल इका’ हे वाक्य येतं. त्याचा अर्थ विविधतेत एकता.