कुंदा न्यावा की मांडे?

प्रश्न: बेळगावहून रेल्वेने मुलीकडे नागपूरला निघालेय. सोबत कुंदा नेऊ की मांडे?
– एक वाचक भगिनी, खानापूर

उत्तर: ताई, मांड्यांचा हट्ट सोडा. पिठीसाखर-खसखस भरून उपड्या कढईवर भाजलेला तो कागदासारखा मांडा मिरज येईस्तोवर चुरा होतो. तो लग्नघरीच खावा, वर गरम दूध ओतून. कुंदा दुधाचा, चांगला आटवलेला, तपकिरी, चमच्याला चिकटणारा बघून घ्या आणि पूर्ण गार झाल्यावरच डबा लावा. आत वाफ धरली की संपलं! उन्हाळ्यात मात्र गोकाकचा करदंट बरा. तुपात फुललेला डिंक, गूळ, खोबरं, काजू. प्रवासात त्याला काही होत नाही. जावईबापूंच्या दातांचं तेवढं बघा. गाडीत खायला दशम्या नि शेंगाचटणी घरूनच घ्या.