केस दुर्मिळ आहे हे ठरवण्याआधी

नागपूर, ऑगस्ट अखेर

प्रिय डॉक्टर,

तुझा मेसेज मिळाला. मेडिसिनला येऊन वर्ष होत आलं, कॅज्युअल्टीत नुसते डेंग्यू, बीपी, शुगर आणि दारूने गेलेले लिव्हर, इंटरेस्टिंग काही येतच नाही, आणि कॉन्फरन्ससाठी केस रिपोर्ट तर हवाच आहे, अशी तुझी तक्रार. तुझ्या सरांनाही तू हेच बोलली असशील तर ते हसले असतील. मी हसत नाही, फक्त एक विचारतो. त्या डेंग्यूंपैकी किती जणींची काख तू उघडून बघितलीस?

विचारायचं कारण, आता सप्टेंबर लागतोय. पाऊस ओसरला, गवत कंबरेएवढं वाढलं आणि निंदणाला बाया शेतात उतरल्या की आपल्याकडे स्क्रब टायफस येतो, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या अळीच्या चाव्याने होणारा ताप. २०१८ साली नागपूर विभागात त्याने चांगलाच दणका दिला होता. त्याआधी कित्येकांना हा आजार डोंगराळ भागातला वाटायचा. पेशंट येतो तो आठवडाभराचा ताप, डोकेदुखी आणि थोडी धाप घेऊन. प्लेटलेट कमी, यकृताचं एसजीपीटी वाढलेलं. डेंग्यूची एनएस-१ तपासणी निगेटिव्ह आली तरी 'डेंग्यूसारखाच' म्हणून सलाईन चालू राहते, जोडीला सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटिबायोटिक. त्याचा या जंतूवर काहीच परिणाम होत नाही. चौथ्या दिवशी फुप्फुसं पांढरी, किडनी बसलेली, आणि मग सगळे 'मल्टिऑर्गन', म्हणजे अनेक अवयव निकामी, म्हणून मोकळे.

खूण मात्र अंगावरच असते. एक काळी खपली, सिगारेटचा चटका बसल्यासारखी, भोवती लालसर कडा. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पेशंट सांगत नाही. त्याला स्वतःला ती माहीतच नसते. गवतातल्या चिगर माइटची अळी जिथे कपडा घट्ट बसतो तिथे चावते: काखेत, जांघेत, स्तनाखाली, साडीच्या निऱ्या खोचतात तिथे, पुरुषाच्या करदोड्याखाली. पाच मिनिटं, पडदा आणि एक टॉर्च एवढंच लागतं. इथे तू बाई असण्याचा फायदा घे. पुरुष रेसिडेंट संकोचाने गाऊनवरूनच छाती तपासून जातात आणि खपली राहून जाते. सापडली नाही म्हणून आजार नाही असंही धरू नकोस. सगळ्यांना ती नसते, आणि आयजीएम ही रक्ततपासणी पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते. संशय पुरेसा असेल तर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू कर, रिपोर्टची वाट बघत बसू नकोस. दोन दिवसांत ताप उतरला नाही, तर मात्र निदानावर पुन्हा विचार कर.

माझं म्हणणं एवढंच. तू ज्याला दुर्मिळ म्हणतेस ते बहुतेक वेळा या मातीतलंच असतं. कुणी विचारलेलं नसतं, किंवा उघडून बघितलेलं नसतं.

मण्यारीचं घे. पहाटे पाचला उमरेडकडून किंवा कुहीकडून एक पोरगा आणतात. 'साहेब, रात्री जेवून बरा झोपला होता जी, आता पोट दुखते म्हणते, उलटी झाली.' पोट मऊ, ताप नाही. सर्जरीवाले बघून जातात, ॲसिडिटीचं इंजेक्शन पडतं. तू त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघ. कपाळाला आठ्या पाडून, हनुवटी वर करून तो तुझ्याकडे बघतोय का? तसं असेल तर त्याच्या पापण्या उचलत नाहीत आणि तो कपाळाच्या जोरावर त्या उघड्या ठेवतोय. मग विचार: 'काल झोपला कुठे होता? खाटेवर की खाली?' खाली म्हणाले की पुढचं तुला कळलं पाहिजे. मण्यार रात्री अंथरुणात येते, दंश जवळजवळ दुखत नाही, सूज नाही, दातांचे व्रण भिंगाने शोधूनही मिळत नाहीत. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची टेस्ट नॉर्मल येते, कारण हे विष रक्तावर नाही, मज्जातंतूंवर चालतं. ती नॉर्मल बघून 'साप नाही' असं लिहिलेलं मी रेफर चिठ्ठ्यांवर वाचलं आहे.

त्याला एका दमात आकडे मोजायला लाव, मराठीत, मोठ्याने. मग उशीवरून मान उचलायला सांग. अर्ध्या तासाने पुन्हा. सुरुवातीला पंचवीसपर्यंत जाणारा आता बारावर थांबला तर सॅचुरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९८ टक्के असलं तरी श्वासनळीत ट्यूब घालायची तयारी कर. सॅचुरेशन पडेपर्यंत थांबलीस तर उशीर झालेला असतो. अँटीव्हेनम दे, पण लकवा लगेच सुटेल अशी आशा धरू नकोस. मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करतं, ती भरून यायला दिवस लागतात. तोवर व्हेंटिलेटरच त्याला जगवतो.

आणि हे जरा थांबून वाच. अशा पेशंटच्या बाहुल्या मोठ्या होऊन उजेडाला हलत नाहीत. हात-पाय नाहीत, पापणी नाही, रिफ्लेक्स नाहीत. कुणीही म्हणेल ब्रेन डेड. पण आत तो जागा असतो आणि सगळं ऐकतो. त्याच्या खाटेजवळ उभं राहून 'काही राहिलं नाही' असं कुणी म्हणत असेल, तर सीनियर असला तरी त्याला बाहेर ने. पेशंटशी त्याच्या नावाने बोल, काय करतेस ते सांगून कर, झोपेचं औषध चालू ठेव. असे पेशंट घरी चालत जातात.

दुसरी गोष्ट, अंकांचं न जुळणं. ऑक्सिजन लावूनही सॅचुरेशन ८५ वर अडकलंय, ओठ निळे, पण पेशंट त्या मानाने शांत, छाती स्वच्छ आणि एबीजीत, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत, पीएओटू (ऑक्सिजनचा दाब) भरपूर. इथे मशीन बिघडलंय म्हणून प्रोब बदलणारे खूप. रक्ताचा एक थेंब पांढऱ्या गॉजवर टाक आणि हवेत राहू दे. लाल होत नाही, चॉकलेटीच राहतो, तर मेथेमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहून नेऊ न शकणारं बदललेलं हिमोग्लोबिन. मग विचार की काय प्यायला. 'कपाशीचं औषध' एवढ्यावर थांबू नकोस, बाटली मागव. इंडोक्साकार्ब हे कीटकनाशक असेल तर हे चित्र बसतं. कुष्ठरोगाच्या गोळ्यांतल्या डॅप्सोननेही तेच होऊ शकतं. यावर उतारा मेथिलीन ब्ल्यू, किलोला एक ते दोन मिलिग्रॅम, सावकाश. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची आनुवंशिक कमतरता असेल तर मात्र त्यानेच रक्तपेशी फुटतात, म्हणून घरच्या कुणाला कावीळ-पंडुरोगाचा त्रास झालाय का, ते आधी विचारून घे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हापासून बाटली मागवण्यावर माझा जोर आहे. 'विषबाधा' हा शब्द निदान म्हणून चालत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट गटाचं कीटकनाशक असेल तर ॲट्रोपिन हा उतारा छातीतले स्राव सुकेपर्यंत दे, बाहुल्या बघून थांबू नकोस. आणि पेशंट सुधारला म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉर्डात हलवताना तीच मान उचलायची टेस्ट कर. मान उशीवरून उठत नसेल तर तो आयसीयूतच बरा; श्वास त्याच रात्री थकतो.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल तुला मी काय सांगणार, विदर्भात शिकतेस. एवढंच लक्षात ठेव, की रात्रभर पाय धरून ओरडणारा मुलगा नाटक करत नाही. त्याला भरपूर वेदनाशामक दे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप, धाप किंवा छातीत कळ आली तर एक्स-रे पुन्हा काढ. पहिला नॉर्मल होता, हे कारण होत नाही.

उन्हाळ्याचं पुढच्या वर्षी कामी येईल. नवतप्यात, मेअखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बेशुद्ध आलेला प्रत्येक जण उष्माघाताचा नसतो आणि काखेतल्या थर्मामीटरवर भरवसा ठेवू नये. गुदद्वारातलं तापमान घे. ४० च्या वर आणि माणूस भ्रमात असेल तर आधी गार कर, स्कॅन नंतर. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. आपली हवा मे महिन्यात कोरडी ठणठणीत असते, तेव्हा अंग ओलं करून पंखा सोडला की काम होतं. (कुलरजवळ ओल्या हातांनी जाऊ नकोस. त्याचा शॉक लागलेलेही दर उन्हाळ्यात येतातच.) गार करता करता नातेवाइकांकडून औषधांची पिशवी रिकामी करून घे. मानसोपचाराच्या काही गोळ्यांनी घाम येणं बंद होतं, आणि तोच माणूस घरातल्या सावलीतही तापून निघतो. गडचिरोलीकडचा असेल तर फॅल्सिपेरम मलेरिया, म्हणजे मेंदूवर जाऊ शकणारा गंभीर मलेरिया, विसरू नकोस.

त्याच पिशवीत सांधेदुखीच्या पुड्या सापडतात, बिननावाच्या. अनेकदा त्यात स्टेरॉइड असतं. आजीबाई वर्षभर घेतात, मग कुणीतरी घाबरवतं, त्या एकदम बंद करतात आणि आठ-पंधरा दिवसांनी उलट्या, सोडियम कमी, साखर कमी, बीपी सलाईनला दाद देत नाही. सगळे सेप्सिस (संसर्गाने शरीर कोलमडणं) शोधतात. हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड शंभर मिलिग्रॅम शिरेतून दे. काही तासांत बीपी सावरलं की निदान बरंचसं पक्कं.

एवढं सगळं सांगितल्यावर उलटही सांगतो. दुर्मिळाचं वेड लागलं की साधं हातचं जातं. सावजी खाऊन आलेल्या माणसाची छाती जळते हे खरंच. पण दहा मिनिटांत ईसीजी काढल्यावर ते खरं मान. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक पोटात दुखून येतो, मधुमेहीला तर नुसता घाम फुटतो. आधी श्वास, बीपी, साखर, ईसीजी. नाव मागाहून शोधलं तरी चालतं.

आणि केस रिपोर्टचंच मनात असेल तर डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम बघ. नागपूरच्या मेडिकलचे विद्यार्थी. महाडकडे विंचू चावलेली माणसं फुप्फुसात पाणी होऊन दगावत होती, त्यांनी ती रात्रंदिवस जवळ बसून बघितली, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं आणि लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या दारात येणारा आजार तिथे रोजचाच होता.

खपली मिळालीच तर फोटो काढताना बाजूला मोजपट्टी ठेव, चेहरा आणि टॅटू फ्रेममध्ये येऊ देऊ नकोस. संमतीपत्र मराठीत घे, आणि बरी झाल्यावर घे, तापात नाही. डॉक्सिसायक्लिन सुरू केल्याची वेळ आणि ताप उतरल्याची वेळ कागदावर लिहून ठेव. डिस्चार्ज कार्डावर ती कधीच नसते. कच्चा मसुदा मला पाठव. पहिल्या परिच्छेदात 'अत्यंत दुर्मिळ' असं लिहिलेलं असेल तर ते मी खोडणार आहे.

तुझा,
सर